दिराचा ग्रॅनाइटचा ओटा

माझा दीर मेलबर्नला ग्लेन वेव्हर्लीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि ज्या कामाचा व्हिडिओ निघालाय ते काम आपल्याला येतं असं त्याचं अगदी प्रामाणिक मत आहे. व्हिडिओ बघून त्याने हॉलमध्ये शेल्फ लावलं. त्यावर ठेवलेली वस्तू हळूहळू डावीकडे सरकत जाते, म्हणून तिथे फक्त जड पुस्तकं ठेवतात. व्हिडिओ बघूनच त्याने मागच्या अंगणात लिंबाचं झाड लावलं, ते नंतर संत्र्याचं निघालं. यातलं काहीही त्याला अपयश वाटत नाही. 'लर्निंग' वाटतं.

त्या वर्षी सासूबाई त्याच्याकडे होत्या. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. सकाळी पूजा, दुपारी मागच्या अंगणात जेवण. घरात तळण काढलं तर वास आठवडाभर पडद्यांना राहतो, म्हणून दिराने जाहीर केलं की अंगणात तो पक्का ओटा बांधणार. ओटा म्हणजे आउटडोअर किचन. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "वहिनी, सिंक, बर्नर, सगळं इनबिल्ट. तू नुसतं ये आणि वडे तळ."

आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला राहतो. नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे आणि मी सोन्याच्या खाणीत नोकरी करते. जमिनीच्या पोटात जिथे माणसं दगड फोडतात तिथे चांगली हवा पोचवायची आणि त्या हवेत धूळ किती आहे हे मोजायचं, हे माझं काम. मराठी मंडळाच्या जेवणात हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे पंखे लावता?" मीही आता "हो, पंखे" म्हणून टाकते. कुठे डोकं लावायचं!

पण दगडाची धूळ काय करते ते मी पाहिलंय. आमच्या गल्लीत एक म्हातारा ड्रिलर राहतो. उमेदीची सगळी वर्षं त्याने कोरडा दगड खोदला. आता फाटकापासून घराच्या दारापर्यंत जाताना त्याला मध्येच थांबावं लागतं. थांबला की तो वाफ्यातल्या गुलाबांकडे निरखून बघत राहतो, म्हणजे रस्त्यावरच्याला वाटावं, फुलं बघायला थांबलाय. त्याच्या छातीत जे बसलंय ते तिथून आता निघत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. हे मला माझ्या डॉक्टर नवऱ्यानेच समजावून सांगितलं होतं, तेही चित्र काढून. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे हाच गृहस्थ काय करताना सापडला ते यायचंय.

पर्थमार्गे मेलबर्नला पोचलो. चहा व्हायच्या आत दिराने मला गॅरेजमध्ये नेलं. "ये वहिनी, तुझ्या लाइनचं काम काढलंय."

गॅरेजमध्ये लाकडाच्या दोन घोड्यांवर ग्रॅनाइटची लांबच लांब लादी आडवी टाकलेली होती. करडी, गुलाबी ठिपक्यांची, मध्ये काचेसारखे चमकणारे कण. कुणीतरी जुनं किचन तोडून ती रस्त्याकडेच्या गवतावर 'फ्री' अशी पाटी लावून ठेवली होती. दीर आणि त्याचे दोन मित्र यूटमध्ये, म्हणजे मागून उघड्या छोट्या ट्रकमध्ये, टाकून घेऊन आले होते. आडवी घालून. ग्रॅनाइट उभा न्यायचा असतो, आडवा नेला की स्वतःच्याच वजनाने मध्ये मोडतो. ती मोडली नाही, यात कर्तबगारी दगडाची होती.

"यावर सिंकचं भोक पाडायचं आणि हा एवढा भाग उडवायचा," तो म्हणाला आणि त्याने नवा कोरा ग्राइंडर माझ्यासमोर असा धरला, जसं काही बाळाला बघायला बोलावलंय.

मी ब्लेड पाहिली. "ही खाचांची ब्लेड विटा आणि काँक्रीट कापायची आहे. ग्रॅनाइटच्या कडेचे टवके उडतील. याला अखंड कडेची डायमंड ब्लेड लागते. आणि पाणी कुठंय?"

"पाणी? इलेक्ट्रिक मशीनवर पाणी? वहिनी, करंट बसेल ना मला!"

"म्हणूनच हे मशीन चालणार नाही. पाण्यासकट चालणारं वेगळं येतं, त्याच्या वायरीलाच सेफ्टी स्विच असतो. हायर शॉपमध्ये मिळतं. जा आणि ते आण."

"अगं, मी विकत घेतलंय हे. हायर कशाला करायचं?"

"मास्क?"

त्याने खुंटीवरून निळा कागदी मास्क काढून दाखवला. कोविडमध्ये खोकाभर आणले होते, ते उरले होते.

"हा शिंक अडवायला असतो, धूळ नाही. दगडाची जी धूळ छातीत जाते ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तिला चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क लागतो, दोन्ही बाजूंना फिल्टर असलेला. आणि तो या दाढीवर बसणार नाही. कडेने हवा आत येते. दाढी काढावी लागेल."

दाढीला मात्र त्याने हात लावला. इतका वेळ जे काही बोलले त्यातलं एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं. "दाढी नाही काढणार हं. फोटो आहेत आईसोबत."

मग त्याने त्याचं हुकमाचं पान टाकलं. "आणि एक सांगू का? इथे बंदी आर्टिफिशिअल स्टोनवर आहे. हा नॅचरल आहे. मी वाचलंय."

वाचलं होतं, खरंच. अर्धं. कारखान्यात बनवलेल्या दगडावर या देशाने बंदी घातली, कारण तो कापणारी तरुण पोरं फुप्फुसं गमावून बसली. त्यात सिलिका फार असतं. पण या ग्रॅनाइटमध्ये जे कण चमकत होते तेही तेच. फरक प्रमाणाचा. मी तसं सांगितलं.

"अगं, पुण्यात आपल्या ओट्याचा कडप्पा त्या फरशीवाल्याने बाल्कनीत उकिडवं बसून कापला होता. नाकाला रुमाल बांधून. त्याला काही झालं?"

"झालं की नाही ते बघायला गेला होतास तू त्याच्या घरी?"

नवरा गॅरेजच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. म्हणाला, "होईल गं. तो बघेल." या तीन-चार शब्दांवर आमच्या संसारातली निम्मी भांडणं झालेली आहेत.

शेवटी दीर म्हणाला, "बरं बाई, नाही कापत. उद्या हायर शॉपला जाऊ. नो वरीज." तोंडावर तो नेहमीच समजूतदार असतो. ऑफिसमध्येही असाच वर गेला असणार.

दुसऱ्या दिवशी जाऊ आणि मी सासूबाईंना घेऊन शॉपिंग सेंटरला गेलो. त्यांना पूजेला नेसायच्या साडीवर जाणारी शाल हवी होती. जाऊ एका शाळेच्या ऑफिसात काम करते. शांत बाई आहे, पण तिच्या शांतपणाला मी तोवर दुबळेपणा समजत होते. शाल काही मिळाली नाही. सासूबाईंनी कॉफी प्यायली, इथली कॉफी कडू असते असं नेहमीप्रमाणे सांगितलं, आणि आम्ही परत निघालो.

रस्त्याच्या वळणावरच आवाज ऐकू आला. दगडावर कोरडी ब्लेड चालते तेव्हा जो किंकाळीसारखा आवाज निघतो, तो. मी जावेकडे पाहिलं. ती गाडीचं स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाली, "मला म्हणाला होता, टीव्हीवर मॅच बघणारेत."

घरासमोर आलो. गॅरेजचं शटर खाली ओढलेलं होतं. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको, म्हणून! आणि शटरच्या खालच्या फटीतून पांढुरका धूर ड्राइव्हवेवर वाहत होता. सासूबाईंना दमा आहे. आम्ही काचा बंद करून गाडी थोडी पुढे उभी केली आणि मी उतरले. तेवढ्यात तो आवाज मध्येच अडकला. मग धाडकन काहीतरी पडलं आणि आतून दिराची आरोळी आली.

इथल्या घरांचा विजेचा बोर्ड बाहेरच्या भिंतीवर असतो. मी आधी मेन स्विच पाडला. मग ओढणी नाकातोंडावर धरून बाजूने शटर हाताने वर ढकललं आणि वाऱ्याच्या बाजूला सरकून उभी राहिले.

धुळीतून एकेक जण बाहेर आला. गिरणीतून पीठ दळून येतात तसे पांढरेफटक. आधी दिराचा एक मित्र, मग दुसरा. मग लंगडत दीर. त्याला मागून धरून चौथा माणूस येत होता. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हनुवटीखाली निळा कागदी मास्क ओढलेला. तो माझा नवरा होता. चित्र काढून फुप्फुसं समजावणारा.

झालं होतं असं. लादीला आधार फक्त दोन टोकांना होता. कापत कापत मध्यावर गेल्यावर ती वाकली आणि तिने ब्लेड दोन्ही बाजूंनी चिमटली. ब्लेड अडकली की ग्राइंडर हातातून उसळतो. तो उसळला, दिराच्या चड्डीचा खिसा फाडून, मांडीवर ओरखडा काढून गेला. ब्लेडवरचं झाकण त्याने आधीच काढून टाकलेलं होतं, कारण त्यामुळे रेघ दिसत नव्हती. लादी मोडली आणि तिचा लहान तुकडा त्याच्या पायावर पडला. पायात काय होतं? थाँग्ज. आपल्याकडे बाथरूममध्ये घालतो त्या रबरी चपला. त्या घालून हा गृहस्थ ग्रॅनाइट कापत होता.

"तू काय करत होतास आत?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी फक्त दगड धरला होता."

"कोरड्या गॅरेजमध्ये, शटर लावून?"

"अगं, पाचच मिनिटांचं काम होतं म्हणाला तो."

काही माणसं बायकोला अक्कल शिकवण्यापुरतीच डॉक्टर असतात, भावासमोर ती भाऊच राहतात. त्याने दिराचा पाय पाहिला, दोन बोटं मोडली म्हणाला, आणि त्याला घेऊन हॉस्पिटलला निघाला. मीही गेले. मित्रांपैकी एकाला मुलाचं क्रिकेट आठवलं, दुसऱ्याला बायकोने आणायला सांगितलेलं दूध.

इमर्जन्सीमध्ये नर्सने विचारलं, काय झालं?

"गार्डनिंग," दीर म्हणाला. "फरशी पडली पायावर."

नर्सने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग त्याच्या कानांकडे. कानांच्या पाळ्यांत, दाढीत, नाकपुड्यांच्या कडेला ती पांढरी भुकटी बसली होती. तिने एकदा नवऱ्याकडेही पाहिलं. तो मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचू लागला. खोटं बोलायचं, तर निदान तोंड धुऊन तरी यावं. मी नर्सला खरं काय ते सांगितलं. दीर मला हळूच म्हणाला, "वहिनी, काय गरज होती?" मी म्हटलं, "तिला गरज होती. तुला नव्हती."

मोडलेल्या पायाला प्लॅस्टरऐवजी घालतात तो बूट चढवून तो घरी आला. सासूबाईंना तोवर पुढच्या खोलीत बसवलेलं होतं. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराच्या फटी जावेने टेपने बंद केल्या होत्या आणि उंबऱ्याला ओला टॉवेल लावला होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी सासूबाईंना पंप घ्यावा लागला. श्वास जरा मोकळा झाल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना समोर बोलावलं.

"दोघंही शिकलात," त्या म्हणाल्या. "एकाला दगड कापता येत नाही, दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही."

पुतणी, म्हणजे दिराची शाळकरी लेक, सोफ्यावर होती. ती फोनवरून मान वर न काढता म्हणाली, "आजी जस्ट एंडेड देम." म्हणजे, आजीने दोघांची पार जिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ झाडू घेऊन गॅरेजकडे निघाली. मी तिचा हात धरला. झाडलं की खाली बसलेली धूळ परत हवेत येते, आणि आपण ती आरामात ओढतो. आम्ही दोघी हायर शॉपला गेलो. बारीक धूळ पकडणारा खास व्हॅक्यूम घेतला. घरचा व्हॅक्यूम असली धूळ मागच्या बाजूने सोडून देतो. दोन रबरी मास्क घेतले. सगळं गॅरेज आधी त्या व्हॅक्यूमने, मग ओल्या फडक्यांनी पुसलं. सायकली पुसल्या, शाळेच्या बॅगा पुसल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे तसेच ओले करून पिशवीत घातले. दिराचा तो नवा ग्राइंडरही पुसला. दीर खिडकीतून म्हणाला, "त्याची मोटर खराब होईल, सांभाळून." बायकोच्या छातीचं तो काही म्हणाला नाही.

काम संपल्यावर जाऊ मोडलेल्या लादीसमोर उभी राहिली. मोठा तुकडा चांगला लांब होता.

"ताई, यातून छोटा ओटा निघेल?"

"निघेल. पण सोड आता. रस्त्यावर ठेव परत, दुसरा कुणी शहाणा नेईल."

"नाही. सिंक नको, भोक नको. एक सरळ काप हवाय, बस. बर्नर वर ठेवू." मग ती म्हणाली, "मी कापते. तू उभी राहून सांग."

मी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. खरं सांगायचं तर मलाही हात शिवशिवत होते. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी कापलेल्या दगडाची धूळ मोजली होती, पण दगड स्वतः कापला नव्हता. तरी काय करायचं नाही हे मला पाठ होतं, आणि या कामात ती निम्मी विद्या आहे. उरलेली आम्ही हायर शॉपच्या काउंटरवर विचारून घेतली. पाण्यावर चालणारी करवत, तिला अखंड कडेची ब्लेड, सेफ्टी स्विच असलेली वायर. तिथल्या माणसाने जावेला मशीन चालू-बंद करून दाखवलं, आणि तिने त्याच्यासमोर ते करून दाखवल्याशिवाय हातात दिलं नाही. दुसऱ्या माणसाचं ऐकून घ्यायला इतका कमी वेळ लागतो, हे दिराने कधीतरी बघायला हवं होतं.

काम अंगणात, उघड्यावर केलं. गवतावर जाड प्लॅस्टिक पसरलं, त्यावर फोमच्या पट्ट्या आणि लाकडाच्या फळ्या अशा मांडल्या की लादीला पोटाखाली सगळीकडे आधार मिळेल. कापाच्या दोन्ही बाजूंना फळ्या जवळ घेतल्या, म्हणजे कापून सुटणारा तुकडाही पडणार नाही. लादी उभी धरून नेली, नवऱ्याला आणि दिराच्या त्या क्रिकेटवाल्या मित्राला कामाला लावलं. दोघांच्या पायांत बूट आहेत की नाही ते मी आधी पाहिलं. मित्राला परत घरी पाठवून बूट घालून यायला लावलं. तो चिडला. चिडू दे.

कापायच्या रेघेवर टेप चिकटवली, म्हणजे रेघ पाण्याने पुसत नाही आणि कडा कमी तुटते. बाजूला सरळ फळी शिकंज्यांनी आवळून बसवली, तिच्या आधाराने करवत सरकवायची. मग जावेला सजवलं: गमबूट, कानांवर मफ, डोळ्यांवर गॉगल, चेहऱ्यावर रबरी मास्क. "दोन्ही फिल्टर तळहाताने झाक आणि श्वास ओढ," मी सांगितलं. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. कडेने हवा आली की बसलेला नाही. तिचा पहिल्या खेपेला बसला नाही, पट्टे आवळले, मग बसला. माझाही तसाच तपासला. नवऱ्याला लांब कुंपणापाशी उभं केलं.

पाणी सोडलं. ब्लेड फिरायला लागली. तिने पहिल्यांदा नुसती ओरखडल्यासारखी वरवरची रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थोडी खोल. मग आणखी. सुरुवातीला ती जोर लावत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू अशी खूण केली. दगडाशी घाई केली की तो ब्लेडवर सूड काढतो. तिचे खांदे सैल झाले आणि करवत आपल्या गतीने पुढे जायला लागली. धूळ अशी उडालीच नाही. राखाडी दुधासारखा गाळ कापातून वाहत होता आणि आम्ही वाळूच्या पिशव्यांनी घातलेल्या बांधाशी साचत होता.

मागच्या खिडकीत दीर पाय स्टुलावर ठेवून बसला होता. तो हातवारे करत होता. काच बंद, आमच्या कानांवर मफ. त्याचं तोंड हलताना दिसत होतं, एवढंच. मग त्याने फोन उचलला. टेबलावरचा जावेचा फोन उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा. ओल्या हातमोज्यांनी तो कोण उचलणार? नंतर तिने मला मेसेज दाखवले. 'स्लो.' 'नॉट लाइक दॅट.' 'अँगल बघ.' 'कॉल मी.' 'पाणी जास्त झालंय.' आणि शेवटचा, 'चहा मिळेल का?'

शेवटाला आल्यावर मी नवऱ्याला बोलावून सुटणारा तुकडा खालून धरायला लावला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. फळ्या होत्या. काप पूर्ण झाला, तुकडा होता तिथेच बसून राहिला, मध्ये फक्त काडीएवढी फट दिसली. कोपऱ्यावर नखाएवढा टवका उडाला होता. जावेने मशीन बंद केलं, वायर काढली, गॉगल वर केला. तिच्या नाकावर मास्कचा लाल वळ उमटला होता. ती त्या सरळ कडेवरून बोट फिरवत राहिली, एकदा, परत एकदा.

"टवका गेला," ती म्हणाली.

"जाऊ दे. घासू."

ओल्या डायमंड पॅडने आम्ही कडा घासून गोल केल्या. गाळ ओला असतानाच बादल्यांत भरला. दीर खिडकी उघडून म्हणाला, "पाइपने धुऊन टाका ना गटारात." इथलं पावसाचं गटार थेट ओढ्याला मिळतं. शिवाय गाळ वाळला की पुन्हा धूळ. बादल्यांत तो खाली बसू दिला आणि ओलसर असतानाच पिशव्यांत बांधला. दिराला एवढं सगळं समजावण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "खिडकी लाव."

विटांच्या दोन भिंती आधीच बांधून झाल्या होत्या, त्या एका ओळखीच्या गवंड्याने बांधल्या होत्या म्हणून सरळ होत्या. त्यांवर लादी बसली.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी सासूबाई जुन्याच शालीत फार छान दिसत होत्या. पूजा झाली, ओवाळणं झालं, दाढीसकट फोटो झाले. दुपारी अंगणात पाहुणे जमले आणि जाऊ त्या ओट्यावर बर्नर ठेवून वडे तळायला उभी राहिली. पुरुषमंडळी आपोआप ओट्याभोवती गोळा झाली. एकाने लादीवर थाप मारून मला विचारलं, "मस्त झालंय. तुमच्या मिस्टरांनी कापला का?"

"मिस्टरांनी धरला होता," मी म्हटलं. "तोच मोडला."

दीर कुबडी टेकत आला. त्याच्या हातात बिअर होती. "बेसिक कट मी मारला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फिनिशिंग यांनी केलं. टीमवर्क, मेट."

जावेने झाऱ्याने वडा उलटला. "हो," ती म्हणाली, "बेसिक कट पायावर मारला त्याने."

सगळे हसले. दीरही हसला, सगळ्यांत मोठ्याने, आणि लगेच कुणाला तरी सांगू लागला की पुढच्या वेळी ड्राइव्हवेचं काँक्रीट कापायचा विचार आहे. मला वाटलं होतं, पाय मोडल्यावर माणूस निदान पाय मोडल्याएवढा तरी शहाणा होतो. जाऊ मात्र म्हणाली, "काँक्रीट माणूस बोलावून कापायचं. नाहीतर मी कापेन. तू नाही." आणि तळलेले वडे ताटात काढत तिने विषय संपवला. तो खरंच संपला. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, दिराने बिअरचा घोट घेतला आणि क्रिकेटचं काहीतरी काढलं.

परतीच्या विमानात नवऱ्याने समोरचं मासिक चाळून परत ठेवलं. मग म्हणाला, "तू जरा जास्तच बोललीस त्याला. सगळ्यांसमोर."

"खाणीत कुणी असं केलं असतं तर मी काम बंद पाडलं असतं. तिथे मॅनेजर पण ऐकतो."

तो खिडकीकडे वळला. खाली लाल, कोरडी जमीन पसरली होती. खूप वेळाने त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या एका दुपारीने काही होत नाही ना?"

"डॉक्टर तू आहेस."

"माहितीये. तरी तू सांग."

मला तेव्हा चांगलं झोडपायची संधी होती. तोंडात शब्दही तयार होते. पण त्याने खरंच घाबरून विचारलं होतं, आणि इतक्या दिवसांत त्या दोन भावांपैकी कुणी मला खरा प्रश्न विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"एका दुपारीने बहुतेक काही होत नाही," मी म्हटलं. "पण एकच दुपार म्हणून कुणीच थांबत नाही, तिथे गडबड होते. खोकला राहिला तर तपासून घे. आणि तुझ्या भावालाही सांग. मी सांगितलं तर त्याला व्हिडिओ लागेल."

त्याने मान हलवली. एअर होस्टेस चहा घेऊन आली. त्याने दोन कप घेतले, माझ्यातली साखरेची पुडी फोडून घातली, ढवळला आणि कप माझ्याकडे सरकवला. मी साखर घेत नाही, हे त्याला लग्नापासून माहीत आहे. तरी मी तो चहा प्यायले.